फडाचे कान

मीं आयुष्यभर शाळेंत इतिहास शिकविला. कारखाना चालविण्याचा प्रसंग माझ्यावर कधीं आला नाहीं, आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसण्याइतकाहि व्यवहार मला साधला नाहीं. तेव्हां धंद्याच्या धोरणाविषयीं बोलण्यास ह्या गृहस्थास कोणी बोलाविलें, असा प्रश्न आपणांपैकीं कांहींच्या मनांत आला तर त्यांत नवल नाहीं. त्याचें कारण माझा पुतण्या. तो भोसरीस एका कारखान्यांत अधिकारी आहे. गेल्या दिवाळींत तो घरीं आला तो काखेंत एक इंग्रजी ग्रंथ घेऊनच. "काका, आमच्या कारखान्याचें काय चुकतें तें ह्यांत लिहिलें आहे," असें म्हणून त्यानें तो माझ्या हातीं दिला. शब्दकोश जवळ ठेवून मीं तो दोन महिने वाचला. माझें मॅट्रिकचें इंग्रजी त्यास पुरें पडलें असें म्हणवत नाहीं. परंतु वाचतां वाचतां मला वारंवार वाटूं लागलें कीं, ही हकीकत आपण पूर्वीं कोठें तरी वाचली आहे. कोठें, तें आठवावयास फार वेळ लागला नाहीं. ती शनवारवाड्यांतील फडाची हकीकत होती.

ग्रंथांतील शास्त्राचें नांव सायबरनेटिक्स. सुकाणू धरणाऱ्या खलाशास ग्रीक भाषेंत जो शब्द आहे त्यावरून नॉर्बर्ट वीनर ह्या अमेरिकन गणित्यानें १९४८ सालीं आपल्या ग्रंथास हें नांव दिलें. आपण तिला कर्णधारविद्या म्हणूं. कर्णधार वल्हें मारीत नाहीं. नाव किती ढळली तें तो पाहतो, सुकाणू थोडें वळवितो, आणि वळविल्याचा परिणाम काय झाला तें पुन्हां पाहतो. ह्या दुसऱ्या पाहण्यांतच सारी विद्या आहे. जेम्स वॅटनें १७८८ च्या सुमारास आपल्या वाफेच्या यंत्रास दोन फिरत्या गोळ्यांचें साधन जोडलें. यंत्र भरधाव निघालें कीं गोळे फांकतात व वाफेची झडप मिटूं लागते. यंत्र मंदावलें कीं गोळे खालीं येतात व झडप उघडते. यंत्राची चाल यंत्रासच परत कळविली जाते, आणि तें आपणच आपणांस आवरतें. ह्या परत कळविण्यास फीडबॅक म्हणतात. मी त्यास परतबातमी म्हणणार आहें.

ही विद्या धंद्यास लावण्याचें काम स्टॅफर्ड बीअर ह्या इंग्रज गृहस्थानें केलें. त्याचा जन्म १९२६ चा व मृत्यु २००२ चा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तो फौजेंत होता व त्या निमित्तानें हिंदुस्थानांत राहून गेला होता. पुढें शेफील्डच्या पोलादी कारखान्यांत त्यानें कित्येक वर्षें काम केलें. १९५९ व १९७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दोन ग्रंथांत एकच विचार वाढत गेलेला दिसतो. तो म्हणतो कीं, जो कारभार जगावयाचा आहे, मग तो कारखान्याचा असो कीं राज्याचा, त्यास पांच कामें करावींच लागतात. प्रत्यक्ष राबणारीं अंगें हवींत; त्या अंगांची आपसांत टक्कर होऊं न देणारी व्यवस्था हवी; आज आंत काय चाललें आहे तें तोलणारी नजर हवी; बाहेर काय चाललें आहे व उद्यां काय येणार तें हुंगणारें नाक हवें; आणि ह्या शेवटच्या दोहोंचा वाद मिटवून निर्णय करणारें डोकें हवें. डोकें सर्वांत वर असतें म्हणून तें सर्वांत महत्त्वाचें, असें मात्र बीअर मानीत नाहीं. डोक्यास जें कळविलें जातें तेवढेंच तें जाणतें.

आतां आपण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील पुण्यास येऊं. त्या काळीं ह्या शहरांत व त्याच्या भोंवतीं दोन मोठे कारभार एकमेकांसमोर उभे होते. एक पेशव्यांचा फड. दुसरा लंडनच्या भागीदारांनीं भांडवल घालून काढलेल्या एका व्यापारी मंडळीचा, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा. आपण हा झगडा दोन राज्यांचा म्हणून शिकतों व शिकवितों. मीहि तसाच शिकविला. परंतु त्यांतील एक पक्ष नफ्यातोट्याचा हिशेब ठेवणारी पेढी होती, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. म्हणून धंद्याचें धोरण शिकावयास ह्याहून जवळचा धडा पुणेकरांस शोधण्याचें कारण नाहीं.

फडाची रचना कशी होती? हुजूर दफ्तराचे मुख्य भाग दोन. चालतें दफ्तर रोजच्या कामाचें. त्यांत फड प्रधान, आणि तो फडणिसाच्या देखरेखीखालीं. सनदा, हुकूम व हिशेब तेथून निघत. दुसरें एकबेरीज दफ्तर. तें कायम पुण्यास असे. सर्व खात्यांचे हिशेब तेथें जमा होत व त्यांचे तर्जुमे, म्हणजे गोषवारे, आणि खतावण्या तयार होत. हेतु हा कीं कोणत्याहि बाबीची जमा, खर्च व बाकी एका दृष्टिक्षेपांत दिसावी. नाना फडणिसांच्या काळीं ह्या दफ्तरांत दोनशेंहून अधिक कारकून होते. दोनशें माणसें रोज बसून काय लिहीत होतीं? माझ्या मतें तीं वॅटचे गोळे फिरवीत होतीं.

खरी गंमत मात्र पुण्यांत नव्हे, मामलतींत आहे. मामलेदार किंवा कमाविसदार म्हणजे बीअरच्या भाषेंत राबणारें अंग. त्यास वर्षारंभीं अंदाज घालून दिलेला असे व वसुलाचा कांहीं भाग रसद म्हणून आगाऊ भरावा लागे. परंतु तो एकटा नसे. त्याच्या भोंवतीं दरकदार असत. दिवाण पत्रांवर व हुकुमांवर आपली निशाणी करी. मुजुमदार हिशेब तपाशी. फडणीस रोजकीर्द लिही. दफ्तरदार तिच्यावरून गोषवारा करून महिन्याच्या महिन्यास हुजुरास पाठवी. पोतनीस जमा व शिल्लक सांभाळी. पोतदार नाणें पारखी. सभासद किरकोळ तंट्यांची नोंद ठेवी. चिटणीस पत्रव्यवहार पाही. ह्या मंडळींस काढून टाकण्याचा अधिकार मामलेदारास नव्हता. तीं त्याच्या हाताखालीं काम करीत, परंतु त्यांचें तोंड हुजुराकडे असे. मामलेदार ऐकत नसेल तर दिवाणानें थेट वर कळवावें अशी अपेक्षा होती. एवढ्यानेंहि भागलें नाहीं तर गांवोगांवचे वतनदार देशमुख-देशपांडे ह्यांचे कागद होतेच. मामलेदाराचा हिशेब त्यांच्याशीं ताडून पाहिला जाई. म्हणजे एकाच गोष्टीची बातमी दोन-तीन वाटांनीं पुण्यास येई, आणि त्या वाटा एकाच्या मुठींत नसत.

माझ्या पुतण्यास मीं हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "काका, आमच्याकडे उत्पादनखात्याचा अधिकारीच आपल्या खात्याचा अहवाल लिहितो आणि तपासणाराची बढतीहि त्याच्याच हातीं असते." मग आठ दरकदार कशाला होते तें त्यास निराळें समजावून सांगावें लागलें नाहीं.

येथें कोणी असें समजूं नये कीं, मी त्या काळास रामराज्य म्हणतों. मामलेदार लपवाछपवी करीत; पाटलास हाताशीं धरून अंतस्थ पैसा खात. एल्फिन्स्टनच्या वृत्तांतांत दरबारखर्चाचा उल्लेख आहे. वरिष्ठांस व हिशेब तपासणारांस जें चारावयाचें तें ह्या सदराखालीं पडे. लांच होती, पण तिलाहि खातें होतें! नीतीच्या दृष्टीनें ही गोष्ट लाजिरवाणी खरी. तथापि कर्णधारविद्येच्या दृष्टीनें पाहिलें तर जो दोष खात्यांत दिसतो तो आवरण्याची आशा असते. खात्याबाहेर गेलेला दोष कोणास आवरतां येणार?

आणखी एक गोष्ट. ह्या विद्येंत रॉस ॲश्बी नांवाच्या पंडितानें १९५६ सालीं एक सिद्धान्त मांडला. त्याचा आशय असा कीं, ज्या गोष्टीवर ताबा ठेवावयाचा तींत जितके प्रकार असतील तितकेच प्रकार ताबा ठेवणारापाशींहि असावे लागतात. खानदेशांतील पाऊस व कोंकणांतील पाऊस ह्यांस एकच हुकूम लागूं पडत नाहीं. म्हणून दुष्काळ पडला, फौज गांवावरून गेली, पीक बुडालें, तर पाहणी होऊन सूट मिळे, आणि ती पाहणी जागच्या माणसांनींच करावयाची असे. हुजुरानें प्रत्येक शेत पाहण्याचा हट्ट धरला नाहीं. शेत पाहणाराची बातमी खरी येते कीं नाहीं एवढेंच पाहिलें. आजच्या कारखानदारांस ही मर्यादा पाळणें फार कठीण जातें असें ऐकतों. यंत्रावरचा प्रत्येक आंकडा आतां मालकाच्या खिशांतील दूरध्वनीवर येतो, आणि आंकडा दिसला कीं हुकूम सोडण्याचा मोह होतो.

आंतल्या नजरेचें हें झालें. बाहेरच्या नाकाचें काय? दिल्लीस हिंगणे, निजामाकडे गोविंदराव व कृष्णराव काळे, असे वकील दरबारोदरबारीं बसलेले असत व त्यांचीं पत्रें सारखीं येत. ह्या बातम्यांची किंमत पुण्यास फार महाग पडून कळली होती. १७६० च्या ऑक्टोबरांत अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला आणि भाऊसाहेबांचा दिल्लीशीं व दक्षिणेशीं असलेला रस्ता तुटला. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सर्वनाश झाला. नानासाहेब पेशवे त्या वेळीं मदतीस उत्तरेकडे निघालेले होते, आणि त्यांस ती बातमी भेलशाच्या मुक्कामीं सुमारें दहा दिवसांनीं, तीहि एका सावकारी पत्रांतून कळली. सरकारी डाक बंद पडली होती, सावकाराची चालू होती. त्या रणांतून जीव वाचवून परतलेल्यांत एक अठरा वर्षांचा तरुण होता. तोच पुढें नाना फडणीस झाला. बातमीविषयीं त्याची सारी जन्माची हांव कोठून आली असेल, ह्याचा तर्क मी आपणांवर सोपवितों.

आतां समोरच्या पेढीकडे पाहूं. कंपनीचें डोकें लंडनांत आणि हात मुंबईस, मद्रासेस व कलकत्त्यास. केपला वळसा घालून पत्र जावयास सहा महिने व उत्तर यावयास तितकेच. ह्या अडचणीचा परिणाम काय होतो तें १७७५ सालीं दिसलें. मुंबईकरांनीं मार्चमध्यें सुरतेस राघोबादादाशीं तह केला आणि युद्ध ओढवून घेतलें. १७७३ च्या कायद्यानें त्यांच्यावर कलकत्त्याची देखरेख आली होती. कलकत्तेकरांनीं तह नामंजूर करून आपला वकील पाठविला व १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरास निराळा तह केला. तो होतो न होतो तोंच लंडनच्या संचालकांचें पत्र आलें, त्यांत सुरतेच्या तहास संमति! एका पेढीचीं तीन डोकीं तीन वेळच्या बातम्यांवर तीन निर्णय करीत होतीं. बीअरनें ह्या प्रकरणाचा अभ्यास केला असता तर त्यास शेफील्डहून उदाहरणें आणण्याची गरज पडली नसती.

परिणाम आपल्या दाराशीं, वडगांवास झाला. १७७८ च्या अखेरीस मुंबईहून निघालेल्या फौजेवर एक सेनापति नव्हता. तिघांची समिति होती. त्यांपैकीं मोस्टिन, ज्यास पुण्याची माहिती होती, तो आजारी पडून परतला व नव्या वर्षाच्या आरंभींच वारला. राहिले दोघे, एजर्टन व कार्नाक. डिसेंबरांत घाट चढलेली ही फौज हजारों बैल ओढीत ९ जानेवारी १७७९ रोजीं तळेगांवीं पोंचली. मधल्या काळांत कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. राघोबाच्या नांवावर मराठे सरदार येऊन मिळतील ही तिची मुख्य भिस्त. ती बातमीच खोटी होती. तळेगांव ओस व जाळलेलें मिळालें. पुण्याच्या बाजूस महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके. आणि फौजेचें प्रत्येक पाऊल नानांस कळत असलेलें. समितीनें परत फिरण्याचें ठरविलें, जड तोफा तळ्यांत लोटल्या, आणि वडगांवास वेढली जाऊन तिनें अपमानाचा करार लिहून दिला. दहा कोसांवरून पुण्यास पोंचावयाचें होतें. तें घडलें नाहीं. ह्या मोहिमेंत मराठ्यांचें शौर्य होतेंच, परंतु त्याहून मोठें एक होतें. फड शत्रूविषयीं जाणत होता आणि शत्रु स्वतःविषयींहि जाणत नव्हता.

नानांची स्तुति येथवर. माझ्या समजुतीप्रमाणें त्यांच्या बाहेरच्या नाकांत एक मोठें न्यून होतें, आणि तें आजच्या धंदेवाल्यांतहि पाहावयास मिळतें. त्यांचे वकील प्रतिस्पर्ध्यांच्या दरबारांतील खलबतें टिपीत. कोण कोणास भेटला, कोण रुसला, कोणास किती दिलें. परंतु ही गोरी पेढी मुळांत चालते कशी, तिच्या मागें पैसा कोणाचा, तिच्या तोफा कोणत्या भट्टींत ओततात, एक गव्हर्नर गेल्यावर दुसरा आला तरी तिचें धोरण टिकतें कसें, ह्याची चौकशी करण्यास फडाचा माणूस लंडनास गेला नाहीं. गेला तो राघोबादादाचा. हणमंतराव नांवाचा त्याचा वकील दोन पारशी सोबत्यांसह १७८१ सालीं विलायतेस पोंचला. प्रख्यात वक्ता एडमंड बर्क ह्यानें त्यास आपल्या घरीं उतरवून घेतलें व त्याच्या सोंवळ्याओंवळ्याची व्यवस्था ठेवली. समुद्र उल्लंघून कंपनीचें डोकें पाहून आलेला मराठी वकील तो हाच. परंतु तो फडाचा वकील नव्हता, फडाच्या वैऱ्याचा होता. शेजारच्या दुकानांत आज काय भाव चालला आहे हें जाणणें निराळें आणि उद्यां दुकानदारीच कशी बदलणार हें हुंगणें निराळें. बीअर ज्यास चौथें काम म्हणतो तें हें दुसरें. नानांनीं पहिलें इतकें उत्तम केलें कीं दुसरें राहिलें आहे हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

कंपनी मात्र आपल्या फटक्यावरून शिकली. १७८४ च्या कायद्यानें युद्ध व तह ह्या बाबतींत मुंबई-मद्रासेवर गव्हर्नर-जनरलची हुकमत पक्की झाली. तीन डोक्यांचा गोंधळ पुष्कळसा मिटला. १७८६ सालीं चार्ल्स मॅलेट पुण्यास रेसिडेंट म्हणून आला. मुळा-मुठेच्या संगमावर रेसिडेन्सी बसली, आणि तेथून कलकत्त्यास व इतर रेसिडेंटांस नियमानें पत्रें जाऊं लागलीं. वडगांवास जो कान नव्हता तो कंपनीनें आतां पुण्याच्या वेशीवरच आणून ठेवला.

आणि ह्याच सुमारास फडाचा कान बुजत चालला. १७९६ च्या अखेरीस दुसरा बाजीराव गादीवर आला. १३ मार्च १८०० रोजीं नाना वारले. पुढें काय झालें तें मॅक्लिऑड ह्या इंग्रज अधिकाऱ्यानें दफ्तर पाहून लिहून ठेवलें आहे. माधवरावांच्या व नानांच्या काळीं जें दफ्तर व्यवस्थित होतें त्याची बाजीरावाच्या कारकीर्दींत हेळसांड झाली; लोकांनीं कागद उचलून नेले तरी विचारणारा राहिला नाहीं. दफ्तराकडे दुर्लक्ष झालें तें केवळ आळसानें नव्हे. त्याची गरजच संपली होती. मामलती आतां इजाऱ्यानें दिल्या जाऊं लागल्या. अनुभवी मामलेदार नेमून त्याचा हिशेब तपासण्याऐवजीं दरबारांतील मर्जीच्या माणसांत बोली लावावयाची, जो अधिक देईल त्यास वर्षाची मामलत, त्यानें ती पुढें लहान इजारदारांस विकावयाची. पैसा आधींच पदरांत पडल्यावर महिन्याच्या गोषवाऱ्याची पंचाईत कोण करतो? दरकदार नांवाला राहिले. रयत गांव सोडून गेली काय, पाटील नागविला गेला काय, हुजुराच्या खात्यांत तीच बेरीज चढत राहिली.

श्रोतेहो, ही इजाऱ्याची गोष्ट नीट ध्यानांत घ्या. बाहेरून पाहणारास बाजीरावाचा कारभार नानांच्या कारभारापेक्षां सुटसुटीत दिसला असता. कारकून कमी, कागद कमी, आणि पैसा आगाऊ. पुष्कळ व्यापारी मंडळी आज ह्याच युक्तीनें चालतात. माल बनविण्याचें, विकण्याचें, गिऱ्हाइकाच्या तक्रारी ऐकण्याचेंहि काम मक्त्यानें दुसऱ्यास देतात. मक्ता वाईट असें मी म्हणत नाहीं. परंतु मक्त्याबरोबर परतबातमीहि विकली जाते, आणि तिची किंमत बोलींत कोणी धरलेली नसते.

ह्यास माझाहि एक अनुभव जोडतों. मी तरुणपणीं ज्या शाळेंत होतों तेथें पटावरील हजेरी घटली तर तुकडी बंद पडण्याची धास्ती असे. कोणी लेखी हुकूम दिला नव्हता. पण महिनाअखेरीस हजेरीपटांत रिकाम्या जागा फार राहूं नयेत हें आम्हां सर्वांस समजलेलें होतें. मींहि पेन्सिलीच्या टिंबांवर शाईनें रेघा ओढल्या आहेत. तपासणी होई, पट उत्तम निघे. दोन-तीन वर्षांनीं एका सकाळीं मुख्याध्यापक अवचित माझ्या वर्गावर आले आणि बाकें मोजूं लागले. पटावर सत्तेचाळीस होते, बाकांवर एकोणीस. ते मला कांहीं बोलले नाहींत. वस्तींतील मुलें वीटभट्टीवर जाऊं लागलीं होतीं, हें आम्हांस दोन वर्षांपूर्वींच कळावयास हवें होतें; तें मीं माझ्याच हातानें शाईखालीं झांकलें होतें. त्यांतील बरींचशीं शाळेंत परत आलीं नाहींत. मामलेदारास नांवें ठेवतांना मला तो पट आठवतो.

माझ्या ह्या प्रतिपादनावर एक रास्त आक्षेप आहे, तो मीच सांगतों. कान शाबूत असले म्हणजे राज्य टिकतेंच काय? टिकत नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत १९७१ सालीं आयेंदे ह्यांच्या सरकारनें खुद्द बीअरलाच बोलावून राष्ट्रीय कारखान्यांचा कारभार ह्या विद्येनें लावण्याचें काम दिलें. कारखान्याकारखान्यांतून टेलेक्सनें राजधानींत खबर यावी अशी योजना झाली. १९७२ च्या ऑक्टोबरांत मालमोटारवाल्यांचा मोठा संप झाला तेव्हां ह्याच टेलेक्सच्या जाळ्यानें सरकारला रसद चालू ठेवण्यास हात दिला. तरीहि ११ सप्टेंबर १९७३ रोजीं लष्करानें तें सरकार उलथून पाडलें. चांगल्या कानांनीं तोफा थांबत नाहींत. १८१७ सालींहि केवळ बातमीच्या जोरावर इंग्रज जिंकले असें म्हणणें पोरकटपणाचें होईल. शिंदे-होळकरांचें बळ आधींच खचलें होतें, वसईच्या १८०२ च्या तहानें पेशवा बांधला गेला होता, आणि शिस्तीच्या पलटणी त्यांच्याकडे होत्या. माझें म्हणणें एवढेंच कीं, वाचण्याचा जो मार्ग उरला होता तोहि ज्यास दिसावयाचा तो डोळाच राहिला नव्हता.

त्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांतील गोष्टी पाहा. एल्फिन्स्टन १८११ पासून पुण्यास रेसिडेंट होता. बाजीराव सैन्य जमवीत होता आणि कंपनीचे शिपाई फितविण्याची खटपट करीत होता. त्या खटपटीची खबर एल्फिन्स्टनच्या कानावर येत होती. मुंबईची गोरी पलटण येऊन पोंचतांच १ नोव्हेंबरास त्यानें आपली फौज गारपिरावरून हालवून खडकीस नेली. ५ तारखेस तो स्वतः संगम सोडून गेला. मागें रेसिडेन्सी जाळली गेली, तींत त्याची पुस्तकेंहि गेलीं. त्याच दुपारीं खडकीची लढाई झाली. संख्येनें पेशव्यांची फौज कितीतरी मोठी, बापू गोखल्यांसारखा सेनापति, आणि स्वतः पेशवा पर्वतीवरून पाहत असलेला. रणांगण दिसत होतें सगळें; परंतु तेथून पाहून काय करावयाचें? १७ नोव्हेंबर रोजीं शनवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. अडतीस वर्षांपूर्वीं जी पेढी वडगांवास स्वतःविषयीं आंधळी होती तिचे डोळे आतां उघडे होते. ज्या फडानें तिला तेथें कोंडलें तो फड कागदोपत्रींहि उरला नव्हता.

दफ्तर मात्र उरलें होतें. विस्कळीत, कांहीं जुन्या वाड्यांत, कांहीं नानांच्या घरीं. मॅक्लिऑडनें तें गोळा करून लावून घेतलें. १७२९ पासून १८१७ पर्यंतचे कागद त्यांत सांपडले. कोणता गांव काय देत असे, कोणत्या सालीं किती सूट मिळाली, कोणाचें इनाम कोणत्या सनदेनें चालतें, हें सारें त्यांत होतें. आणि जिंकलेल्या मुलखाविषयीं एल्फिन्स्टननें १८१९ सालीं जो वृत्तांत लिहिला त्याबरोबर मॅक्लिऑडची ह्या दफ्तराविषयींची टिपणें गेलीं. बाजीरावानें ज्यांकडे वीस वर्षें पाठ फिरविली ते रुमाल त्याच्या वैऱ्यानें वर्ष-दीड वर्षांत सोडून वाचले. पुढें १९३० ते १९३४ ह्या काळांत रियासतकार सरदेसायांनीं त्यांतून निवडलेले पंचेचाळीस खंड छापले, तेव्हां ते आपल्याहि वांट्यास आले. मूळ रुमाल आजहि पुण्याच्या पुराभिलेखागारांत आहेत.

गेल्या महिन्यांत मी पुतण्यास सरदेसायांचे दोन खंड वाचावयास दिले. परत करतांना त्यानें इतिहासाविषयीं कांहीं विचारलें नाहीं. त्याच्या कारखान्यांत दर महिन्याचा तक्ता येतो. सर्व ठीक असेल तेथें हिरवा रंग, बिघाड असेल तेथें तांबडा. "काका," तो म्हणाला, "गेले चौदा महिने आमच्या तक्त्यांत एकहि चौकोन तांबडा नाहीं. उद्यां खालीं जाऊन बाकें मोजतों."